राणीछाप खंड्या : चांदीची नाणी जमवू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी

साहित्य : एक भिंग, एक जोरदार लोहचुंबक, ग्रॅममध्ये दशांश चिन्हापुढे दोन आकडे दाखवणारा छोटा वजनकाटा, हातमोजे आणि घरच्यांना सांगायला एक कारण. पैसे यादीत मुद्दाम घातलेले नाहीत. ते किती लागतात हे वेळ आली की आपोआप कळतं.

ही मार्गदर्शिका ऑस्ट्रेलियात स्थिरावलेल्या मराठी माणसासाठी आहे. घराचं कर्ज निम्मं फिटलंय, मागच्या अंगणात कढीपत्ता जगलाय आणि आता आयुष्यात काय करायचं राहिलंय हे कळत नाहीये, अशा वयात हा नाद लागतो. मेलबर्नमध्ये मला तो असाच लागला.

पायरी 1 : कारण ठरवा

घरात सांगायचं कारण ‘गुंतवणूक’ हे आहे. खरं कारण ‘पक्षी काय सुरेख काढलाय!’ हे आहे. दोन्ही कारणं वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा, एकमेकांना लागू देऊ नका.

या धंद्यात गिऱ्हाइकाच्या दोन जाती मानतात. स्टॅकर वजन विकत घेतो. त्याला चांदी स्वस्तात हवी असते, वर चित्र कशाचं आहे याच्याशी देणंघेणं नसतं. कलेक्टर चित्र, साल आणि किती नाणी पाडली ते पाहतो. तिसरी जात कुणी उघड सांगत नाही, पण वस्ती तिचीच मोठी आहे : स्टॅकरसारखा बोलणारा आणि कलेक्टरसारखा खर्च करणारा. नवशिक्याने आपण या तिसऱ्या जातीचे आहोत असं गृहीत धरावं.

पायरी 2 : प्राणी निवडा

पर्थ मिंट ही 1899 सालची टांकसाळ. तिथून तीन ठळक जनावरं बाहेर पडतात. कूकाबरा 1990 पासून आणि कोआला 2007 पासून. या दोघांचं चित्र दरवर्षी बदलतं. कांगारूच्या साध्या नाण्यावर मात्र वर्षानुवर्षं तीच उडी असते, फक्त साल बदलतं. म्हणून कांगारू स्वस्त पडतो आणि उघडा, पंचवीस-पंचवीसच्या नळीत येतो. कूकाबरा आणि कोआला प्रत्येकी आपापल्या प्लास्टिकच्या डबीत बसून येतात. डबीला कॅप्सूल म्हणतात. नवशिक्याला डबी दिसली की तो दहा डॉलर जास्त द्यायला तयार होतो, हे टांकसाळीला ठाऊक आहे.

कूकाबरा म्हणजे आपल्या खंड्याचा दांडगा भाऊबंद, पण मासे सोडून सरडे आणि साप खाणारा. पहाटे आपल्या हद्दीची दवंडी पिटतो ती थेट खदाखदा हसल्यासारखी. आमच्या मागच्या निलगिरीवर एक जोडी रोज पावणेपाचला हसते. नाणी घ्यायला लागल्यापासून ते माझ्या मनाला लागायला लागलंय.

नाण्यांवरच्या प्राण्यांना ‘देशी’ म्हणताना मात्र त्या शब्दावर फार भार टाकू नका. हा हसरा कूकाबरा पूर्व ऑस्ट्रेलियाचा. पर्थ आहे पश्चिमेला, आणि तिकडे तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला माणसांनीच नेऊन सोडला. सोमालियाच्या नावाने निघणारा चांदीचा हत्ती बव्हेरियाच्या टांकसाळीत जन्मतो. आणि चित्राचं वेड फक्त इथलंच आहे असंही नाही : चीनच्या पांडाचं चित्र दरवर्षी बदलायचं. 2001 चं चित्र 2002 ला तसंच ठेवलं, तर ते संग्राहकांना रुचलं नाही आणि 2003 पासून पुन्हा नवा पांडा आला. लोक चांदी घेतात की पांडा, याचा निकाल खरं तर तेव्हाच लागला होता.

पायरी 3 : तोळ्यात रूपांतर करा

मायदेशाहून सासूबाई आल्यावर पहिला प्रश्न येतो, “किती तोळे?” दुकानदार सांगतो, एक औंस. हा साधा औंस नव्हे, ट्रॉय औंस : 31.1 ग्रॅम. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा. म्हणजे एका औंसात पावणेतीनला थोडे कमी, दोन पूर्णांक दोन तृतीयांश तोळे. तीन नाण्यांचे आठ तोळे होतात, एवढं लक्षात ठेवा. हल्लीचे सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात. त्या हिशेबात आकडा वाढतो, म्हणून घरात सांगताना तोच वापरावा.

पांडाच्या बाबतीत सावध राहा. 2016 पासून त्याचं वजन औंसावरून 30 ग्रॅमवर आलं. औंसाच्या भावाने 30 ग्रॅम घेणारा माणूस बारा महिने सापडतो.

सासूबाईंनी माझा पहिला कूकाबरा हातात घेतला, उलटा केला, एलिझाबेथचा मुखवटा पाहिला आणि म्हणाल्या, “अगंबाई, राणीछापच की! आमच्या आईकडे होते असले, गाठोड्यात.” त्यांच्या आईकडचे व्हिक्टोरियाचे रुपये होते. वजन एक तोळा आणि चांदी बारा भागांत अकरा. माझ्या नाण्यात चांदी जवळजवळ निखळ. पण रुपया बाजारात चालायचा, हा फरक त्यांनीच काढला : “मग याचं वाण्याकडे काय येतं?” नाण्यावर 1 डॉलर लिहिलंय आणि कायद्याने ते चलन आहे. म्हणजे भारतीय दुकानात त्याची कोथिंबिरीची अर्धी जुडी येईल, तीही दुकानदाराने नाणं उलटंसुलटं करून घेतल्यावर.

पायरी 4 : घडणावळ समजून घ्या

जगात चांदीचा जो चालू भाव असतो त्याला स्पॉट म्हणतात. त्यावर दुकानदार जे चढवतो त्याला प्रीमियम म्हणतात. मराठी माणसाला हा शब्द नव्याने शिकायची गरज नाही. ही घडणावळ आहे. विकत घेताना पूर्ण द्यायची आणि मोडीला गेल्यावर विसरायची, हा नियमही तोच.

समजा, औंसाचा भाव 50 डॉलर आहे. कूकाबरा 60 ला मिळाला. दुसऱ्या दिवशी तोच दुकानदार तो 49 ला परत घेईल. म्हणजे चांदी वीस टक्क्यांहून जास्त चढली, तर तुम्ही जिथून निघालात तिथे परत पोचाल. याला गुंतवणूक म्हणताना आवाज खालच्या पट्टीत ठेवावा. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे : 99.9 टक्के शुद्धतेच्या गुंतवणुकीच्या चांदीवर ऑस्ट्रेलियात जीएसटी पडत नाही. घरातल्या वादात हे वाक्य हळूच पुढे करावं, पण एकदाच.

पायरी 5 : नाणं पारखा

चांदीला लोहचुंबक धरत नाही. पण तांब्याला आणि शिशालाही धरत नाही. त्यामुळे चुंबक चिकटला नाही म्हणून पेढे वाटू नका. नाणं तिरपं धरून जोरदार चुंबक त्यावरून सोडा. अस्सल चांदीवर तो रेंगाळत, सरपटत उतरतो. मग वजन आणि जाडी मोजा. चांदी तांब्यापेक्षा जड, त्यामुळे तांब्याचं खोटं नाणं वजनाला बरोबर उतरवायचं तर ते जाड करावं लागतं. बदमाशी जाडीत सापडते.

सगळ्यात जुनी परीक्षा आपल्या भाषेतच आहे : खणखणीत वाजतं का ते पाहणं. बोटाच्या टोकावर नाणं तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी मारा. चांदीचा नाद लांबतो, हलका धातू बद्द वाजतो. अडचण इतकीच की वाजवायला ते डबीतून काढावं लागतं, आणि डबीतून काढलं की त्याला ओरखडा जाण्याची शक्यता असते. म्हणजे नाणं अस्सल आहे हे सिद्ध करता करता त्याची किंमत उतरते. कलेक्टर म्हणूनच नाणं वाजवत नाही, देणाऱ्याला वाजवून पाहतो. तुम्हीही तेच करा.

पायरी 6 : हात लावू नका

नाणं काठाला धरा, चेहऱ्याला बोट नको. गंधकाने चांदी काळवंडते, म्हणून रबरबँड, लोकरी कापड आणि स्वयंपाकघर यांपासून लांब ठेवा. काही नव्या नाण्यांवर दुधाळ पांढरे डाग उमटतात. ते टांकसाळीत घडवतानाचे, तुमच्या हाताचे नव्हेत. पण घासले तर तेही निघत नाहीत आणि नाण्याची झळाळीही जाते.

आणि सर्वांत महत्त्वाचं : लक्ष्मीपूजनाच्या आठवड्यात नाणी कुलुपात ठेवा. आमच्याकडे दिवाळीच्या आदल्या दिवशी देवाच्या चांदीबरोबर 2015 चा कोआलाही टूथपेस्टने घासला गेला. दुसऱ्या दिवशी त्याला हळदकुंकू वाहिलं, वर अक्षता. तबकात तो एखाद्या लठ्ठ, झोपाळू गणपतीसारखा दिसत होता आणि खरं सांगायचं तर शोभतही होता. संग्राहकाच्या लेखी मात्र तो त्या दिवशी नुसता 31 ग्रॅम धातू उरला.

पायरी 7 : ‘संच पूर्ण करायचाय’ हे वाक्य टाळा

1990 च्या पहिल्या कूकाबऱ्यावर 5 डॉलर ही रक्कम आहे. तो पाहिला की हवासा वाटतो. मग मधली सालं. मग किलोचा कूकाबरा : दहा सेंटिमीटर व्यासाचा, पुरीएवढा, वर रक्कम 30 डॉलर. 2024 पासून नाण्यांवर राजा चार्ल्स आल्यामुळे ‘निदान राणीची सगळी तरी घेऊ’ असं एक नवं निमित्तही सापडलं आहे. याच वाटेने पुढे गेलात तर 1919 ते 1921 मधल्या चौकोनी पेनीपाशी पोचाल. तिच्यावरही कूकाबराच होता. ती नमुन्यादाखल पाडली, चलनात कधी आलीच नाही, आणि आता लिलावात निघते. तिथून मागे फिरा.

अगदीच राहवत नसेल तर 1966 चे गोल 50 सेंट घ्या. त्यात 80 टक्के चांदी होती. चांदीचा भाव नाण्याच्या रकमेपुढे गेला, लोकांनी ती गायब केली आणि 1969 मध्ये बिनचांदीचं बारा बाजूंचं नाणं आलं. त्याच्यावर कांगारू आणि एमू दोघंही आहेत.

पायरी 8 : विकून पाहा

ही पायरी कुठलाच दुकानदार शिकवत नाही. दुसरं नाणं घेण्याआधी पहिलं विकायला घेऊन जा. दुकानदाराला “किती देणार?” विचारा आणि आकडा ऐकून गप्प उभे राहा.

आकडा ऐकून पोटात गोळा आला, तर तुम्ही स्टॅकर आहात. कांगारू घ्या, उघडा, नळीतला, आणि चित्रांकडे पाहू नका. आकडा काहीही असो, नाणं काउंटरवरून पलीकडे सरकताना हात पुढे झाला, तर तुम्ही कलेक्टर आहात. मी पाच नाणी घेऊन गेलो होतो. तीन दिली. दोन कूकाबरे खिशात घालून परत आलो, आणि त्यांचा खर्च वहीत ‘गुंतवणूक’ या सदरातून ‘हौस’ या सदरात हलवला. घरात भांडण झालं नाही. ‘हौस’ म्हटल्यावर फारसं कुणी भांडत नाही, ‘गुंतवणूक’ म्हटल्यावर हिशेब मागतात.

तेव्हा एक साधी वही करा. प्रत्येक नाण्यापुढे साल, वजन, दुकान आणि दिलेली रक्कम लिहा. रक्कम खरी लिहा, आणि ती वही कुठे ठेवली आहे हे घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा.