पाच अक्षरी भाऊजी

मे महिन्यात चंद्रपुरात रात्री बाराला जागा असलेला माणूस एक तर रात्रपाळीला निघालेला असतो, नाही तर त्याचा कूलर बिघडलेला असतो. भाऊजींचा कूलर ठणठणीत आहे आणि नोकरी संपली आहे. तरी ते मोबाइल धरून गच्चीवर बसलेले असतात, कारण बाराच्या ठोक्याला वर्डलचा नवा शब्द येतो.

भाऊजी म्हणजे कोणी एक गृहस्थ नव्हेत. जटपुरा गेटापासून ऊर्जानगरपर्यंत कुठल्याही कॉलनीत शिरा, एक तरी सापडेल. बहुतेक वेकोलिच्या कोळसा खाणी, वीज केंद्र किंवा वनखात्यातून निवृत्त झालेला. पेन्शन बरी, गुडघे बरे नाहीत. आयुष्यभर इंग्रजीत टिपणं लिहिली, पण इंग्रजीत बोलायची वेळ आली की लघवीला जाऊन आला. आता त्याच इंग्रजीचे शब्द तो पाच-पाच अक्षरांच्या मापाने गोळा करतो.

खेळ साधा आहे. पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द सहा संधींत ओळखायचा. अक्षर जागच्या जागी बसलं तर हिरवं, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं, नसेलच तर करडं. जॉश वॉर्डल नावाच्या इंजिनिअरने तो आपली जोडीदार पलक शाह हिच्यासाठी केला, ऑक्टोबर २०२१ मध्ये जगाला खुला केला आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. भाऊजींनी ही हकिगत घरात कौतुकाने सांगितली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अजी, त्यानं आपल्या बाईसाठी आख्खा गेम बनवला. तुमच्यानं मिक्सर दुरुस्तीले नेनं होत नाई."

शब्द ज्याच्या त्याच्या घड्याळाप्रमाणे मध्यरात्री बदलतो. त्यामुळे न्यूयॉर्कच्या लोकांना जो शब्द मिळायचा असतो, तो चंद्रपुरात साडेनऊ-साडेदहा तास आधीच सुटलेला असतो. भाऊजींच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा अभिमान. "त्यांचा पेपर, त्यांचा शब्द, अन् पहिले आपन सोडवून राहिलो," असं ते पहाटे फिरायला आलेल्या प्रत्येकाला थांबवून सांगतात. थांबणारे आता रस्ता बदलतात.

शब्दाच्या अर्थाशी भाऊजींचं काही देणंघेणं नाही. शेजारची मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिने एकदा विचारलं, "काका, आद्यू म्हणजे काय?" भाऊजी तत्काळ म्हणाले, "चार स्वर, एक डी." पुढे एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभात साहेबांनी डोळे पुसत त्याच शब्दावर इंग्रजी भाषण संपवलं. सभागृह हळहळत होतं, आणि भाऊजी माझ्या कानात म्हणाले, "शब्द चांगला घेतला, पन आर नाई ना बाप्पा त्याच्यात."

त्यांचा गुरू अल्फ्रेड बट्स. १९३० च्या दशकातल्या मंदीत काम गेलेल्या या अमेरिकन वास्तुविशारदाने वर्तमानपत्रं पुढ्यात घेऊन कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं आणि त्यावरून स्क्रॅबल बेतला. म्हणून त्यात ई च्या सोंगट्या बारा आणि क्यू, झेड एकेकच, पण दहा गुणांच्या. रिकामा माणूस पेपरातली अक्षरं मोजत बसला, यात भाऊजींना स्वतःच्या जगण्याचा दाखला मिळतो.

भूगोलही त्यांनी अक्षरांत मांडला आहे. १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा निघाला. लोक जंगल कुणाकडे, कोळसा कुणाकडे यावर बोलत राहिले. भाऊजींच्या मते वाटणी चोख झाली, इंग्रजीत दोघांच्याही वाट्याला दहा-दहा अक्षरं. राग फक्त अहेरीचा. पाच अक्षरं, त्यांत तीन स्वर, एकही अक्षर दुसऱ्यांदा नाही. पण खेळ म्हणतो, हा शब्द यादीत नाही! "राजवाडा असलेलं गाव अन् यादीत नाई म्हन्ते," हे बोलताना त्यांचा आवाज खरोखर चढतो.

एकदा पाहुण्यांबरोबर आम्ही ताडोब्याला गेलो. मोहर्ली गेटातून आत शिरलो, चितळ ओरडलं, आणि रस्त्यावर वाघीण. जिप्सीत सगळ्यांचे श्वास अडकलेले. भाऊजी बोटं मोजत होते. "टी, आय, जी, ई, आर. सुरुवातीले हा शब्द टाका, सगळी अक्षरं वेगळी." गाइडने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने त्याने वाघिणीकडेही पाहिलं नव्हतं. पुढे रानकुत्र्यांचा कळप दिसला. इंग्रजीत याला ढोल म्हणतात, असं गाइड सहज बोलून गेला. भाऊजी उभेच राहिले. "स्पेलिंग सांग बे!" डी, एच, ओ, एल, ई. पाच! खिशातली डायरी निघाली. वाघ पाहून जो चेहरा झाला नव्हता तो रानकुत्र्यांनी केला.

त्यांच्यावर संकट आलं ते भामरागडला. भर पावसात ते भाच्याकडे गेले, पर्लकोटा नदीचं पाणी पुलावरून वाहू लागलं, रस्ता बंद, वीज बंद, टॉवरही बंद. तिथल्या लोकांना हे दर पावसाळ्याचंच, त्यांनी तांदूळ-मीठ आधीच भरून ठेवलेलं. भाऊजी मात्र जिना चढून-उतरून नेटवर्कची एकच रेघ शोधत होते. सलग जिंकत आणलेली मालिका तुटली. पाणी ओसरल्यावर भाच्याने फोन केला, "मामाजी सुखरूप हायेत." वहिनींनी खात्री करून घेतली, "बोलून राहिले का?" नव्हते बोलत.

तेव्हा चंद्रपूरला येणार असाल तर आधी आपलं नाव इंग्रजीत लिहून मोजून या. पाच अक्षरी निघालं तर भाऊजी चहा पाजतील, समोसाही सांगतील. मात्र त्यात एखादं अक्षर दोनदा येत असेल, तर टोपणनाव सांगा.