माठ की तांब्या?

ओलाव्याला आपल्याकडे फार मान. नात्यात ओलावा हवा, लेखणीत ओलावा हवा, निरोप देताना डोळ्यांच्या कडा तर ओलावल्याच पाहिजेत. हे सगळं लिहिणाऱ्यांच्या भिंतींना लोणा लागलेला नसावा. आम्ही चिपळूणचे. आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने मीठ बरणीतल्या बरणीत पाझरतं, चपलांवर बुरशी चढते आणि कपाटातल्या लग्नाच्या कोटाला हिरवी लव फुटते. तेव्हा ओल या विषयात आपल्याला कुणी शहाणपण शिकवावं, असं मला मुळीच वाटत नव्हतं. मग मी आणि ही न्यू जर्सीला लेकीकडे गेलो.

तिच्या घराला तळघर आहे. तळघर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाडा, भुयार आणि मोहरांचा हंडा येतो. इथल्या हंड्यात निघाल्या सहा रिकाम्या सुटकेसी, कपडे वाळत घातलेली ट्रेडमिल, तांदळाच्या गोण्या, गणपतीचं मखर आणि मंडळाच्या नाटकातल्या दोन पगड्या. मुळात ही तळघरं आली कुठून, तर हिवाळ्यात तिथली जमीन गोठते आणि गोठलेली माती फुगून घर उचलायला बघते. म्हणून पाया तीनेक फूट तरी खाली न्यावा लागतो. एवढं खणतोच आहोत तर आणखी चार-पाच फूट खणून एक अख्खा मजला पदरात पाडून घ्यावा, हा त्यामागचा विचार. हा हिशेब लावणारा पहिला माणूस मूळचा आमच्या बाजूचा असावा, अशी मला दाट शंका आहे.

अर्थात आमच्या बाजूला तो खाली कधीच गेला नसता. कोकणात घर वर उचलायचं, जोतं उंच घ्यायचं, छप्पर पुढे काढून पागोळ्या भिंतीपासून लांब पाडायच्या. जमिनीखाली जायचं ते घाटावरच्यांनी. सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं प्रसिद्धच आहेत. तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं कोरडी राहायची. २००५ च्या पुराचं पाणी शिरलं आणि त्यातली कितीतरी पेवं कामातून गेली.

तर, मी पोचलो जुलैत. तळघरात पहिलं पाऊल टाकलं आणि ओळखीचा वास आला. पावसात भिजून कोपऱ्यात पडलेल्या दप्तराचा. मी तिथल्या तिथे निदान केलं, "हवा खेळती नाही." आणि छताजवळच्या चारही बुटक्या खिडक्या सताड उघडल्या. लेक "अहो बाबा..." म्हणाली, पण पुढचं ऐकायला मी थांबलो नाही.

आठ दिवसांत गालिचा पायाला गारगार लागू लागला. पाण्याच्या पाइपांना घाम सुटला. मखरावर काळे ठिपके आले आणि एका पगडीला, कोटाला फुटते तशीच लव. ही जिन्यातूनच म्हणाली, "अगदी घरी आल्यासारखं वाटतंय हो!"

मग एका कंपनीचा माणूस आला. हातात टॅबलेट, तोंडावर डॉक्टरसारखी काळजी. त्याने भिंतीला यंत्र टोचलं, मान हलवली आणि सांगितलं की, तळघराची फरशी कडेकडेने फोडायची, आतून चर काढायचा, खड्डा करून त्यात पंप बसवायचा. सतरा हजार डॉलर. मी मनातल्या मनात त्याचे रुपये केले आणि पायरीवर बसलो.

जावई शांत माणूस. तो म्हणाला, "बाबा, आधी फॉइल लावून बघू या." पोळ्या गुंडाळायची फॉइल. तिचे हात-दीड हात लांबीचे चौकोन त्याने भिंतीला दोन-तीन ठिकाणी चिकटवले आणि चारही कडा टेपने बंद केल्या. म्हणाला, दोन दिवसांनी बघू. पाणी फॉइलच्या मागे असेल तर ते भिंतीतून येतंय, आणि खोलीकडच्या अंगाला असेल तर हवेतून.

हे ऐकून मला माठ आठवला. माठाच्या अंगावरचं पाणी त्याच्या पोटातून पाझरलेलं असतं. फ्रिजमधून काढलेल्या स्टीलच्या तांब्यावरचं पाणी मात्र तांब्याचं नसतंच. ते हवेतलं असतं, तांब्या बिचारा नुसता गार असतो. पुसत बसलात तरी ते पुन्हा येणार. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच होता की आमची भिंत माठ आहे की तांब्या!

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं आणि एक बॅटरी असे भिंतीसमोर उभे राहिलो. दोन फॉइलच्या वरच्या अंगावर थेंब, मागे कोरडं ठक्क. तांब्या. जमिनीतली भिंत उन्हाळ्यातही गार, आणि तिथल्या जुलैची हवा आपल्या मुंबईसारखी चिकट. ती आत आली की भिंतीवर, पाइपांवर पाणी होऊन बसणार. आणि ती आत आणली कुणी? जावई काही बोलला नाही. नुसता एकेक खिडकी लावत गेला. सासऱ्याची अब्रू राखण्याची ही रीत मला फार आवडली.

कोपऱ्यातली फॉइल मात्र मागून भिजली होती, आणि तिच्याखाली पांढरा लोणा. तिथे माठ. मग बाहेर जाऊन बघितलं, तर पन्हळीच्या नळाचं खालचं कोपर गवत कापण्याच्या यंत्राने कधीचं उडवलेलं होतं. छपराचं पाणी थेट पायाशी पडत होतं. हजार चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला तर साधारण २,३५० लिटर पाणी होतं. आमच्याकडे त्याला अर्धा टँकर म्हणतात. त्यात घर बांधताना पायाच्या कडेने भरलेली माती इतक्या वर्षांत खचून उतार घराकडे झाला होता. आम्ही सहा फुटांचा जोडनळ आणला, वीस डॉलरच्या आत. चार दिवस माती ओढून दहा फुटांत सहा इंच उतार बाहेरच्या अंगाला काढला. पागोळ्या भिंतीपासून लांब पडल्या पाहिजेत, एवढंच! हे आमच्या आजोबांना ठाऊक होतं. नातवाने मात्र आधी खिडक्या उघडल्या.

पाण्याची थट्टा एका मर्यादेपर्यंतच करावी. २०२१ च्या २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा लेक तिथून रात्रभर फोन लावत होती. त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयडा वादळाचा पाऊस तिच्या बाजूला कोसळला तेव्हा आम्ही इथून. न्यूयॉर्कच्या तळघरांत भाड्याने राहणारी माणसं त्या रात्री घरातच बुडाली. अशा पाण्यापुढे जोडनळ आणि फॉइल काय करणार? पंप असलेल्यांचेही पंप वीज गेली की बंद, म्हणून शहाणी माणसं त्याला बॅटरी जोडून ठेवतात.

आमच्या तांब्यासाठी जावयाने डीह्युमिडिफायर आणला. हवेतलं पाणी ओढून डब्यात साठवणारं यंत्र. आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली राहिली की बुरशीचं फारसं चालत नाही. हिने पहिल्या दिवशी डबा भरलेला बघितला आणि म्हणाली, "हे चिपळूणला नेलं तर दुपारपर्यंत राजीनामा देईल." ते पाणी लेक बागेत घालते. भिंतीलगतच्या झाडांना नको, एवढं मात्र मी तिला बजावून सांगितलं आहे. आता त्या घरात माझा तेवढाच अधिकार उरला आहे.

गालिचा काढून टाकला. पगडी उन्हात ठेवून झटकली, पण वास काही जाईना. नाटकात ती आता नोकराच्या डोक्यावर असते. कंपनीच्या माणसाचा अधूनमधून फोन येतो, काय ठरलं म्हणून.

तुमचीही लेक तिकडे असेल आणि तुम्ही उन्हाळ्यात जाणार असाल, तर मेतकूट न्या, गोडा मसाला न्या. तळघराच्या खिडक्यांना तेवढा हात लावू नका.