नारोशंकराची घंटा माहेरी

उजनीचे पाणी चार दिवसांआड नळाला आले की ज्याची जलविषयक आकांक्षा परिपूर्ण होते, अशा सोलापूरकराने पदरमोड करून समुद्राकाठी वसईला जावे आणि तेथे जुन्या ख्रिस्ती मंदिरांचे भग्नावशेष न्याहाळत हिंडावे, ही कल्पना आमच्या अण्णांना मुळीच मान्य नव्हती; परंतु पदर माझा मोडणार आहे असे कळताच त्यांनी आपली हरकत मागे घेतली आणि कडक भाकरी व शेंगाचटणी यांचा एवढा साठा बरोबर घेतला की वसईला वेढा घालून बसलेल्या चिमाजी अप्पांच्या फौजेचेही दोन दिवस सुखाने निघाले असते. सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या आमच्या डब्यात त्या रात्री कोणी झोपले नाही. अण्णांचा आवाज म्हणजे नारोशंकराची घंटा, आणि निद्रावस्थेत ती अधिकच मुक्तकंठाने वाजते.

हुमायूनच्या धास्तीने गांजलेल्या गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली तहनामा करून वसईचा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला, आणि पुढील २०५ वर्षांच्या अंमलात फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन अशा एकेका संघाने किल्ल्याच्या तटाच्या आत आपापले चर्च आणि आपापला मठ उभारला. “म्हणजे पंढरपुरात एकेका फडाचा वेगळा मठ, तसंच की!” असा शेरा मारून अण्णांनी दोन शतकांचा इतिहास निकालात काढला. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज लेख कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत; मृतांवर पादत्राणे पडू नयेत म्हणून अण्णांनी चपला काढल्या, आणि मग भर दुपारच्या तापलेल्या दगडांवर त्यांनी जे नृत्य केले ते कोणत्याही धर्माच्या उपासनेत बसणारे नव्हते.

याच वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया मकावला व्यापार करून फिलिपिन्समधील मनिला शहरी फ्रान्सिस्कन झाला, १५९३ साली दुभाषा म्हणून जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मारला गेला. १८६२ साली पोपने त्याला संतपद दिले. हे ऐकून अण्णा बराच वेळ गप्प राहिले. त्यांची परदेशवारी आजवर विजापूरपलीकडे गेलेली नाही.

वसईतल्या पापडी गावी तांबडे लुगडे नेसलेली एक वृद्धा सुकेळी विकत बसली होती. गळ्यातील क्रूस पाहून अण्णांनी आपली समस्त हिंदी पणाला लावली: “ये केला, सूखा हुआ, कितने में देंगा?” म्हातारीने त्यांना आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले, “काय भाऊ, मराठी येत नाही होय तुम्हाला?”

या अपमानाचा वचपा म्हणून अण्णांनी सायंकाळी आमच्या मुक्कामी भेटलेल्या एका निवृत्त ख्रिस्ती शिक्षकांची उलटतपासणी आरंभिली. इतकी वर्षे राज्य करून पोर्तुगीजांनी भाषा म्हणून मागे ठेवले काय, असा त्यांचा रोख होता. गुरुजींनी शांतपणे सांगितले की, अण्णांच्या हातातली चावी, ताटातला पाव, पावातला बटाटा, न्हाणीतली बादली आणि ज्याच्या जोरावर त्यांनी संसार केला तो पगार, हे सारे शब्द पोर्तुगीजांचेच आहेत. “आणि तुमचा आवाज ज्या घंटेसारखा म्हणतात,” गुरुजी पुढे म्हणाले, “ती नाशिकची नारोशंकराची घंटासुद्धा मे १७३९ मध्ये वसई पडल्यावर मराठ्यांनी इथल्या चर्चमधूनच नेली.” घंटा तब्बल पावणेतीनशेहून अधिक वर्षांनी माहेरी आली असे मी म्हणताच, आयुष्यात प्रथमच, अण्णा हलक्या आवाजात बोलले. काय बोलले ते लिहिण्यासारखे नाही.

निघताना गुरुजींनी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची आठवण काढली. जानेवारी २०२० मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ते धाराशिवला आले होते. सोलापूरहून सत्तरएक किलोमीटर. “तुम्ही गेला असालच,” गुरुजी म्हणाले. त्या आठवड्यात आम्ही दोघे सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यात बसलो होतो.