राजदूतच्या गंजाचे निदान आणि उपचार

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापूरसारख्या गावात जुन्या मोटारसायकलींचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने गोठ्यापासून आरंभ करावा हे उत्तम. एस्कॉर्ट्स कंपनीने 1960 च्या दशकात बाजारात आणलेली, पोलंडच्या एसएचएल गाडीच्या आराखड्यावर बेतलेली 173 सीसीची राजदूत दुधाच्या कॅना, खताची पोती आणि प्रसंगी निम्मे वऱ्हाड वाहून निवृत्त झाली, की तिची प्रतिष्ठापना कडब्याच्या आडोशाला होते. तेथे ती विकली जात नाही, कारण ती आजोबांची असते. आणि दुरुस्तही होत नाही, कारण वाटण्या झाल्यावर ती कोणा एकाची नसते.

लोखंड, पाणी आणि प्राणवायू यांच्या संयोगातून जे जलयुक्त लोह-ऑक्साइड तयार होते, त्यास गंज म्हणतात. तो मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापत असल्याने पत्र्याचे पापुद्रे सुटतात आणि नट आपल्या बोल्टला जन्माचा चिकटतो. बीड जिल्ह्याची हवा कोरडी आणि समुद्र दूर, तेव्हा येथे गंजाला फारसे भवितव्य नसावे असा तर्क कोणी करील. परंतु गोमूत्रातील क्षार आणि शेणाची ओल लक्षात घेता समुद्राची उणीव बैलांनी भरून काढलेली असते.

जाम झालेल्या नटाबाबत मिस्त्रीमंडळींत दोन संप्रदाय आढळतात. पहिला नट डिझेलमध्ये भिजवून वाट पाहणाऱ्यांचा असून दुसरा छिन्नी-हातोडा घेऊन वाट न पाहणाऱ्यांचा आहे. दुसऱ्याचे काम लवकर संपते, मात्र त्यानंतर बोल्टचेही काम संपलेले असते.

विद्युत-अपघटन, म्हणजे विजेच्या प्रवाहाने द्रावणात घडवलेली रासायनिक क्रिया, हा अधिक शास्त्रशुद्ध उपचार होय. प्लॅस्टिकच्या टाकीत धुण्याचा सोडा विरघळवून गंजका भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि औताचा मोडका फाळ धन टोकाला जोडला, की गंज सैल होऊन सुटू लागतो आणि फाळ मात्र दुसऱ्याच्या गाडीपायी खंगत जातो. फाळाऐवजी स्टेनलेस स्टीलचे ताट वापरू नये, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे द्रावणात उतरतात, आणि ताट नाहीसे झाल्याचे घरात कळल्यावरचे परिणाम निराळेच. या क्रियेत हायड्रोजन वायू निघत असल्याने भोवती बिडी ओढत बसलेल्या सल्लागारांस आधी दूर करावे.

पेट्रोलच्या टाकीचे प्रकरण याहून नाजूक. अर्धवट रिकाम्या टाकीत हवेतील बाष्प थंड पत्र्यावर जमून आतून गंज चढतो. तो काढण्यासाठी टाकी पूर्ण रिकामी करून, धुऊन, तीत मूठभर नट टाकून ती खळाखळा हलवण्याची रीत आहे. गंज निघतो आणि टाकीही गळू लागते, कारण त्या जागी पत्रा कधीच संपलेला असून छिद्र बुजवण्याचे काम इतकी वर्षे गंजच इमानेइतबारे करीत होता.

म्हणून सगळा गंज खरवडण्याऐवजी काही ठिकाणी त्याचे रूपांतर करणे शहाणपणाचे ठरते. फॉस्फरिक आम्ल लावल्यास गंजाचे लोह-फॉस्फेट बनते आणि पृष्ठभागाला संरक्षण मिळते. दिल्लीचा सुमारे 1,600 वर्षांचा लोहस्तंभ टिकण्यामागेही त्याच्या लोखंडातील भरपूर फॉस्फरस आणि त्यामुळे बनलेला फॉस्फेटयुक्त थर हे कारण संशोधकांनी दाखवले आहे. स्तंभाला गोठा लाभला नाही, हेही साहाय्यक कारण मानता येईल.

केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, चासी व इंजिनात फेरफार न केलेल्या खासगी दुचाकीस 20,000 रुपये भरून दहा वर्षांसाठी ‘व्हीए’ या व्हिंटेज वाहनांच्या मालिकेतील क्रमांक मिळू शकतो. मात्र मग ती प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे किंवा देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. जन्मभर दूध वाहिलेल्या गाडीला वारशाचा मान मिळतो तो दूध वाहणे बंद केल्यावर. तेव्हा मालकाने ब्रेक, स्पोक आणि टाकी यांवर मुक्तहस्ते खर्च करावा, मडगार्डवरचा थोडा गंज फॉस्फेट करून तसाच राहू द्यावा आणि सर्वांत आधी गाडी गोठ्यातून बाहेर काढावी.