मतलई वारा आणि सीगलचं तोंड

मालवणला आलेला पाहुणा उशिरा उठतो, रस-घावणे खातो, किल्ला बघून येतो, सुरमईची थाळी जेवतो, आडवा होतो आणि उन्हं कलल्यावर गळ्यात कॅमेरा अडकवून दांडीच्या किनाऱ्यावर उतरतो. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत इथून घाटावर जाणाऱ्या फोटोंत सीगलच्या शेपट्यांचा भरणा फार. लडाख-तिबेटच्या तळ्यांवरून इथवर येणाऱ्या पक्ष्याने निदान तोंड तरी दाखवावं, अशी पाहुण्याची माफक अपेक्षा असते. सीगलची ना नाही. फक्त त्याची तोंड दाखवण्याची वेळ ठरलेली आहे, आणि त्या वेळी पाहुणा घावण्यावर रस ओतून घेत असतो.

पुण्याचा माझा भाचा हेच दुखणं घेऊन आला. आमच्या वाडीत ज्या किमतीला वापरलेली होडी इंजिनासकट मिळते, त्या किमतीची त्याची लेन्स. ती त्याने आमच्या पलंगावर स्वतःच्या शेजारी उशी देऊन निजवली. "मामा, ऑटोफोकसमध्येच काहीतरी लोचा आहे," तो म्हणाला. त्याचा कॅमेरा म्हणे पक्ष्याचा डोळा आपला आपण हुडकून धरतो. पण डोळाच पलीकडच्या अंगाला असेल तर कॅमेऱ्याने काय हाका मारायच्या?

मी भूगोलाचा मास्तर. निवृत्त झालो म्हणजे फक्त फळा सुटला. 'खारे वारे व मतलई वारे यांतील फरक स्पष्ट करा' हा प्रश्न मी पिढ्यान्‌पिढ्या घातला आणि पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या उलटा लिहिला. जमीन चटकन तापते, चटकन निवते. समुद्राचं दोन्ही बाबतींत सरकारी काम. म्हणून दिवसा वारा समुद्राकडून जमिनीवर येतो, तो खारा. रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातो, तो मतलई. थंडीच्या दिवसांत हा मतलई सकाळी उन्हं वर येईपर्यंत रेंगाळतो. पुस्तकातला धडा इथे संपायचा. वाऱ्यात पक्ष्याचं तोंड कुठे असतं, हे पाठ्यपुस्तक मंडळाला कधी सुचलं नाही.

ते असतं वाऱ्याकडे. उडताना, उतरताना पक्षी वारा तोंडावर घेतो, आणि वाऱ्यात नुसता उभा असला तरी बहुधा तसाच राहतो. पाठ फिरवली तर पिसं विस्कटतात. आता मांडा गणित. सकाळी वारा पूर्वेचा, सूर्य पूर्वेला. समुद्राकडे बघत किनाऱ्यावर उभे राहा: ऊन तुमच्या पाठीवर, वारा तुमच्या पाठीवर, आणि समोरचा एकूण एक सीगल तुमच्याकडे तोंड करून, वर चेहऱ्यावर उजेड घेऊन. लग्नातल्या फोटोग्राफरलासुद्धा वऱ्हाडी इतके सरळ उभे करता येत नाहीत. संध्याकाळी वारा पश्चिमेचा, सूर्य पश्चिमेला. सगळी पंगत पाठ फिरवते आणि डोळ्यांवर ऊन येतं ते आपल्या. तेव्हा किनाऱ्यावर उभा राहणारा शेपट्याच टिपणार. त्याला तोंडं हवी असतील तर त्याने होडी करून पक्ष्यांच्या पलीकडे जावं, नाहीतर मावळतीच्या उजेडातल्या काळ्या आकृत्या काढून त्यांना कला म्हणावं.

भाचा सगळं ऐकून म्हणाला, "मामा, हे व्हिडिओत कुणी सांगत नाही." मी म्हटलं, "तिथे पेपर तपासत नाहीत."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला हलवून उठवला. किनाऱ्यावर पोचल्यावर त्याने त्याची विद्या दाखवली. प्राण्या-पक्ष्याचा फोटो त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढावा, म्हणजे मागचा पसारा धूसर होतो आणि पक्षी उठून दिसतो. गोष्ट खरी आहे. पण वीतभर उंचीच्या पक्ष्याच्या डोळ्याला डोळा द्यायचा तर पालथं पडावं लागतं. भाचा ओल्या वाळूत पसरला आणि कोपरांवर इंच-इंच सरकू लागला. रापणीला निघालेली माणसं थांबली. त्यांतल्या एकाने मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "मास्तरांनू, भाचो ना तुमचो? रातीची उतराक नाय काय अजून?"

रापण म्हणजे पक्ष्यांची पंगत. होडी अर्धगोल घालत जाळं सोडून येते, दोन्ही दोर किनाऱ्यावर, आणि दोन रांगा ते ओढत ओढत जवळ येतात. जाळं उथळ पाण्यात आलं की वर गर्दी होते. ब्राह्मणी घार पाण्यावरचा मासा पायाने उचलते आणि उडता उडताच खाते; सीगल आरडाओरडा करतात; बगळे रांगेत उभे राहतात; कावळे रांग मोडतात. एरवी माणूस दिसला की उठणारे हे पक्षी दोर ओढणाऱ्याला भीत नाहीत. विलायतेत रिचर्ड आणि चेरी कर्टन या दोघा भावांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पक्ष्यांच्या जवळ जायला पोकळ बैल बनवला होता. एक भाऊ पोटात शिरायचा, कॅमेरा बाहेर बघायचा. तो बैल एकदा आतल्या भावासकट उलटला, त्याचाही फोटो आहे. मालवणात एवढा खटाटोप नको. हाफ पँट आणि हातात दोर, पुरे.

खरी पंचाईत उजेडाची. कॅमेऱ्याला सगळं जग मध्यम राखाडी हवं असतं. चौकट बगळ्याने भरली तर तो बगळा मळवतो, कावळ्याने भरली तर कावळा गोरा करायला जातो. आणि मागे काळोखी सुरूची बनं असली, की त्यांना उजळण्याच्या नादात बगळ्याची पिसंच उडवून टाकतो. रापणीवर दोघे एकाच चौकटीत, तेही भांडत. भाच्याला म्हटलं, त्याच्यावर सोडू नकोस. उन्हातल्या बगळ्याच्या छातीवरची पिसं दिसतील एवढा उजेड एकदा बेतून घे, शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर ठेव आणि ऊन बदलेपर्यंत हात लावू नकोस. बगळा बगळा राहील, कावळा कावळा.

(वायंगणीला कासवाची पिल्लं सोडतात तिथे मात्र मी त्याला फ्लॅश घरी ठेवायला लावतो. पिल्लू उजेडाच्या रोखाने समुद्र शोधतं. भलत्या उजेडाच्या मागे ते किनाऱ्यावरच्या हॉटेलाकडे चालू लागेल. आणि सीगल उडावेत म्हणून थव्यात पळत जाणाऱ्याला तर मी अजूनही कान धरून उभा करीन.)

संध्याकाळी वाऱ्याच्या हिशेबाने होडी केली, ती देवबागहून. तिथे डॉल्फिन निघाले आणि भाचा सीगल विसरला. आमचे डॉल्फिन कुबडवाले. जाहिरातीतल्यासारख्या उड्या ते क्वचितच मारतात. श्वास घ्यायला पाठ वर काढतात आणि जातात. होडीवाला ओरडतो, "थंय बघा, थंय!" 'थंय' कानावर पडेतो तिथे पाणी उरतं. अमेरिकेत मायब्रिजने १८७८ साली धावत्या घोड्याचे फोटो काढले तेव्हा वाटेवर दोरे बांधून ठेवले होते. घोडा दोरा तोडी आणि कॅमेरा उघडे. डॉल्फिन असं सहकार्य करत नाही. तो कोणत्या दिशेने चाललाय आणि किती वेळाने वर येतो हे दोनदा बघून घ्यावं, आणि पुढच्या पाण्यावर कॅमेरा रोखून गप्प बसावं. कोपर मात्र होडीच्या काठावर टेकू नये. इंजिनाची थरथर हाडांतून थेट लेन्समध्ये जाते. भाच्याने टेकलं. त्या फोटोंत डॉल्फिन, समुद्र आणि निवतीचा डोंगर, तिघांनाही हीव भरलेलं आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा रापणीवर गेला. त्या दिवशी ओढणारे हात कमी होते. कुणीतरी हाक मारली, "ओ फोटोवाले, नुसते बघतास काय? दोर धरा!" लेन्स माझ्या मांडीवर आली आणि पुण्याचा पोरगा रांगेत उभा राहिला. समुद्री गरुड आला होता म्हणे, डोक्यावरून एक गिरकी घेऊन गेला, पण जाळ्याच्या तोंडाशी आल्यावर दोर सोडायला कुणी देत नाही. रापणीत हात लावणाऱ्याला वाटा मिळतो. तो पिशवीभर बांगडे घेऊन मागच्या दाराने आला. मामीने पिशवी उघडली, एक बांगडा वर काढून त्याचा डोळा बघितला, कल्ले उचलून बघितले.

"आजचे फोटो बरे इले," ती म्हणाली. "थोडे तळतंय, उरलेल्यांचा तिखला करतंय."