मोबाईलचा कर्तरी प्रयोग

गेल्या महिन्यात संध्याकाळी दूध आणायला निघालो होतो. कोपऱ्यावर मेहुण्याचा फोन आला, मी तो कानाला लावला, आणि मागून दुचाकीवर आलेल्या दोन पोरांनी मोबाईल अलगद उचलला. कान तेवढा ठेवला. मेहुणा पुढची दोन मिनिटं त्या पोरांशीच बोलत होता. नंतर म्हणाला, "तू एकदाही मध्ये बोलला नाहीस, तेव्हाच मला शंका यायला हवी होती."

पोलिस ठाण्यात गेलो. पुण्यातल्या कुठल्या, ते सांगत नाही. सांगितलं तरी ते म्हणतील, ती जागा आमच्या हद्दीत येत नाही. ठाणे अंमलदार सज्जन होते. खुर्ची दिली, पाणी विचारलं, कोरा कागद पुढे केला. मी लिहिलं, 'दोन अनोळखी मुलांनी माझा मोबाईल हिसकावला.' त्यांनी ते वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काका, असं नका लिहू. मोबाईल गहाळ झाला, असं लिहा. नवीन सिम घ्यायला तेवढं पुरतं."

"अहो, पण गहाळ नाही झाला. माझ्या डोळ्यांदेखत नेला."

"मग कोर्टात यावं लागेल. तारखा पडतील. वय काय तुमचं?"

चोर सापडण्यात माझ्या वयाची अडचण आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

घरी येताना शाळेतलं व्याकरण आठवत होतो. 'मुलांनी मोबाईल हिसकावला' हा कर्मणी प्रयोग. त्यात कर्ता तृतीयेत का होईना, हजर असतो. 'मोबाईल गहाळ झाला' हा मात्र कर्तरी, आणि कर्ता कोण, तर खुद्द मोबाईल! घरच्यांवर रुसून तो आपणहून निघून गेला. फरारी तोच आणि मुद्देमालही तोच. एका क्रियापदाच्या फटक्यात दुचाकी गेली, पोरं गेली, गुन्हाही गेला. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हा त्याचा असा सरकारी उपयोग त्यांच्या ध्यानात आला नसावा.

आता गंमत बघा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिने हिसकावण्याला देशभरासाठी पहिल्यांदाच स्वतंत्र कलम दिलं, 304. तीन वर्षांपर्यंत शिक्षा. म्हणजे दिल्लीत संसदेला जे कळलं, ते आमच्या कोपऱ्यावरच्या टेबलापर्यंत यायचं आहे. वाटेत गहाळ झालं असावं.

पण ठाणे अंमलदारांचा मला राग नाही. बिचाऱ्यांच्या डोक्यावर गणित बसलेलं असतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग गुन्ह्यांचा दर काढतो तो लाख लोकसंख्येमागे, आणि महानगरांसाठी ती लोकसंख्या धरतो 2011 च्या जनगणनेची. पुणे महानगराची तेव्हाची माणसं साधारण पन्नास लाख. पुढची जनगणना 2021 ला व्हायची, ती तेव्हा झालीच नाही. अंशस्थानी यंदाचे गुन्हे आणि छेदस्थानी 2011 ची माणसं. आमची सोसायटी जिथे उभी आहे तिथे तेव्हा ज्वारी डुलत होती. माझा मोबाईल नेणारी पोरं अंगणवाडीत खिचडी खात असतील. छेद काही वाढत नाही, मग हातात राहतं काय? अंश कमी ठेवणं. खुद्द तो विभागच आपल्या अहवालात बजावतो, की नोंदी वाढणं म्हणजे गुन्हे वाढणं नव्हे. ही ओळ आमच्याकडे उलटी वाचतात : नोंदीच कमी ठेवल्या की झालं.

खरा धक्का सोसायटीत बसला. मी एफआयआर करायचाच म्हणतो, हे ऐकून चेअरमन घरी आले. सोबत सेक्रेटरी. "भाऊसाहेब, शांत डोक्यानं विचार करा. पेपरात एरियाचं नाव आलं, तर स्क्वेअर फुटाला पाचशे रुपये पडतील. त्यात तुमचाही फ्लॅट आहे." मी मनातल्या मनात हिशेब केला. साडेसातशे गुणिले पाचशे. माझा मोबाईल अठरा हजारांचा. चोरानं फारच स्वस्तात सोडलं म्हणायचं.

आणि सुरक्षेचं म्हणाल, तर आमच्याकडे कसलीच कमतरता नाही. सोळा कॅमेरे आहेत. त्यांतले सहा चालतात आणि चार एकमेकांकडे बघतात. गेटवर ॲप आहे. पिझ्झावाल्याचा फोटो, धुणंभांडी करणाऱ्या मावशींचा फोटो, जाताना मावशींच्या पिशवीची झडती. दहा वर्षांत मावशींच्या पिशवीत शिळ्या पोळ्यांपलीकडे काही निघालं नाही, पण झडती चालू आहे, कारण झडती कुणाची घ्यायची हे आपलं ठरलेलं असतं. गुंडांना स्थानबद्ध करणाऱ्या महाराष्ट्राच्या 1981 च्या कायद्याचं नावच बघा ना : त्यात 'झोपडपट्टीदादा' आहे. बंगल्यातला दादा कुठल्याही कायद्याच्या नावात मला आजवर भेटला नाही.

तशी उपाययोजनाही होत असते. 2023 च्या जानेवारीत, रस्त्यात कोयते नाचवणाऱ्या पोरांच्या 'कोयता गँग'चा गवगवा झाला तेव्हा, कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड घ्या, असं पोलिसांनी पुण्यातल्या दुकानदारांना सांगितल्याच्या बातम्या आल्या होत्या. आमचा शहाळीवाला तेव्हापासून रीतसर नोंदलेला इसम आहे. ज्यांच्या हातात कोयते दिसले, त्यांतल्या कित्येकांना अजून मिसरूड फुटायचं होतं. ती पोरं दुकानात पावती करून कोयता घेतात, हा विश्वास मला फार लोभस वाटला.

तर मी दुसऱ्या दिवशी पुन्हा ठाण्यात गेलो. या वेळी कागद घरूनच लिहून नेला होता. पावणेतीन तास बसलो, दोन चहा झाले, पण गुन्हा कलम 304 खाली नोंदला गेला. चेअरमन तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. मोबाईल सापडलेला नाही.

तुमच्यावर ही वेळ आली, तर एवढं करा. दखलपात्र गुन्हा असेल तर एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2013 साली ललिता कुमारी खटल्यात सांगितलेलं आहे. प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. आणि सही करण्यापूर्वी क्रियापद तेवढं वाचा.