तीन किलोचं प्रेशर

ऐन मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना, आमच्या भाऊजींनी गाडीचा एसी काढून फेकला अशी बातमी तिवस्यात पसरली. आई कैऱ्या चिरता चिरता विळा तसाच ठेवून ओसरीत आली. "काऊन रे, जवायाचं डोकं तं ठिकाणावर हाय ना?"

डोक्याचं मला सांगता येईना, गाडीचं सांगता आलं. भाऊजींची मारुती 800, मॉडेल 1996. तिला एसी कधी नव्हताच. काढला होता तो एसी पंप.

टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देणारा, मुठीत मावेल एवढा हा पंप. अल्बर्ट चॅम्पियन नावाच्या गृहस्थाच्या आद्याक्षरांवरून अमेरिकेतल्या त्याच्या कंपनीचं नाव एसी पडलं. चॅम्पियन कोण हे आपल्याकडे कुणी विचारलं नाही, पण ॲम्बेसेडर-फियाटच्या जमान्यापासून मिस्त्री लोक या पंपाला एसी पंपच म्हणत आले. आत एक रबरी पडदा, बाहेर एक दांडी. इंजिन फिरलं की दांडी हलते, पडदा वरखाली होतो आणि पेट्रोल घोट घोट वर येतं. ना वायर, ना बटण.

हे घोट घोट प्रकरणच भाऊजींना पसंत नव्हतं.

पंप हा त्यांचा जुना जिव्हाळ्याचा विषय. विहिरीवर तीनची मोटर होती, ती काढून त्यांनी साडेसातची बसवली. आधी अर्धा दिवस पुरणारी विहीर अर्ध्या तासात खडखडाट झाली. भाऊजी काठावरून आत वाकून म्हणाले, "मोटर एक नंबर हाय. विहीरच कमी पडून रायली." मग कूलर. त्यातला इवलासा पंप त्यांना कुपोषित वाटला, म्हणून कारंज्याचा मोठा पंप आणून बसवला. पहिल्याच रात्री ताट्या भिजल्या, भिंत भिजली, आणि समोरच्या खाटेवर झोपलेले त्यांचे व्याही "पाऊस आला, पाऊस आला" करत उठले ते थेट तुरीच्या पोत्यांवर ताडपत्री टाकायला अंगणात धावले. बाहेर आभाळभर चांदण्या.

माणूस मात्र मनाचा राजा. त्यांच्या घरी आंब्याचा रस असला की अर्ध्या गल्लीला बोलावणं. वाढायला स्वतः उभे. तुम्ही वाटीवर हात आडवा धरलात, तर ते हातावर ओततात. "घ्या ना राजेहो, लाजता काय!" मनगटावरून कोपरापर्यंत रस ओघळलेली माणसं मी त्यांच्या पंगतीत पाहिली आहेत. दुसऱ्याचं पोट भरलं आहे ही गोष्ट दुसऱ्याला कळते, यावर भाऊजींचा विश्वास नाही.

एसी पंपाच्या बाबतीत त्यांचं सगळंच चुकलं होतं असंही नाही. पेट्रोलमधला हलका अंश पस्तीस-चाळीस अंशांवरच वाफ व्हायला लागतो, आणि आपल्या उन्हाळ्यात बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त तापतं. नळीत वाफ धरली की पंप नुसता वाफच ओढत बसतो. मोझरीच्या अलीकडे, भर हायवेवर, भाऊजींची गाडी अशी दोनदा बसली होती. उपाय सगळ्यांना ठाऊक आहे: बॉनेट उघडायचं, पंपावर ओला फडका टाकायचा, दुपट्टा डोक्यावर घेऊन झाडाखाली बसायचं. पंधरा मिनिटांत गाडी सुरू. पण ट्रकवाले हसतात. विजेचा पंप टाकीजवळ बसवला तर तो पेट्रोल ओढत नाही, मागून लोटतो, आणि लोटलेल्या पेट्रोलची सहसा वाफ होत नाही. हे शास्त्र भाऊजींनी बरोबर हेरलं होतं. फक्त नागपूरहून पंप आणताना त्यांनी इंजेक्शनच्या गाडीचा आणला, कारण दुकानात तोच सगळ्यात मोठा होता.

"आफ्टरमार्केट अपग्रेड हाय," त्यांनी खोकं आईपुढे धरलं.

आईनं खोकं निरखलं. "बाजार उठल्यावर घेतला म्हून स्वस्त भेटला काय?"

मिस्त्री आमच्याच गावचा, कमी बोलणारा. पंप हातावर तोलून म्हणाला, "भाऊ, कार्बोरेटरले पाव किलो प्रेशर पुरते. हा तीन किलो मारते. मधात रेग्युलेटर टाकून कमी करा लागते."

"कमीच करायचं होतं तं जास्तीचा आणला कायले?"

यावर कोणत्याही मिस्त्रीजवळ उत्तर नसतं. त्यानं पंप बसवला, जुन्याच्या जागी पत्र्याचं झाकण आवळलं, आणि जुना पंप कागदात गुंडाळून गुपचूप माझ्या हाती दिला. "राहू द्या तुमच्यापाशी."

कार्बोरेटरला एक वाटी असते. मिस्त्री वाटीच म्हणतात. तिच्यात तरंगता फुगा, घरावरच्या पाण्याच्या टाकीत असतो तसा. वाटी भरली की फुगा वर येतो आणि एक बारीक सुई येणारी वाट बंद करते. म्हणजे वाटीवर आडवा धरलेला हातच तो. पाव किलोच्या पंपाला त्या हाताचा मान ठेवता येतो. भाऊजींच्या पंपानं हातावर ओतलं. किल्ली फिरवताच मागून गुंईऽऽ आवाज झाला, भाऊजी म्हणाले "ऐका!", आणि सगळे ऐकत असताना वाटी उतू जाऊन पेट्रोल इंजिनावर सांडायला लागलं. गाडीनं काळा धूर सोडला, दोनदा उचकी दिली आणि गप्प झाली.

दुसरा कुणी असता तर परत गेला असता नागपूरला. भाऊजींनी पंपाच्या वायरीत एक बटण टाकलं, घरातल्या दिव्याचं असतं तसलं, आणि ते डॅशबोर्डाखाली डाव्या हाताला बसवलं. डाव्या हाताला ताई बसते. पेट्रोलचा वास आला की बंद, गाडीनं गचके दिले की चालू. दोन दिवस तिवस्याच्या रस्त्यांवरून "वास!" "गचका!" अशा आरोळ्या ठोकत हे जोडपं फिरत होतं. तिसऱ्या दिवशी आरोळ्यांची गरज उरली नाही. संसाराच्या तीस वर्षांत भाऊजींचं प्रेशर कधी तोडायचं याचा अंदाज ताईला होताच, आता नुसतं बटण मिळालं होतं. मिस्त्री गाडीकडे पाहून मला म्हणाला, "रेग्युलेटर पाह्यजे म्हटलं होतं, बसवलं ना त्यायनं."

महिना संपता संपता कौंडण्यपूरहून पालखी निघायची होती. कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. तिथली पालखी 1594 पासून पायी पंढरपूरला जाते असं सांगतात. भाऊजींनी जाहीर केलं, सगळे आपल्या गाडीनं. पुढे ते आणि ताई, मागे आई आणि दोन भाचे. मी मोटरसायकलवर मागून. डिक्कीत कागदातला पंप, एक पाना आणि फडका.

कुऱ्हा मागे पडलं. गाडी झकास चालली होती. ताईचा हात बटणावर हार्मोनियमवाल्यासारखा फिरत होता. कौंडण्यपूर जवळ आलं, टाळ-मृदंग ऐकू यायला लागले, पताका दिसल्या. आणि देवळाचा कळस दिसताच ताईनं डोळे मिटून हात जोडले.

दोन्ही.

तीन किलोच्या पंपाला एवढी सवड पुष्कळ झाली. गाडी ऐन चढावर काळा धूर ओकत थांबली, बॉनेटखालून पेट्रोल टपटपायला लागलं. बिडी पेटवायला निघालेल्या एका म्हाताऱ्याच्या हातातली काडी आईनं झडप घालून हिसकावली. भाऊजी खाली उतरले आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच ताईवर कडाडले, "हात कायले जोडले?"

"देवाले जोडले," ताई म्हणाली. "तुमच्या पंपाले जोडाले पाह्यजे होते."

याच कौंडण्यपुरातून श्रीकृष्णानं रुक्मिणीला रथात घालून नेलं, आणि तिचा भाऊ रुक्मी रथ अडवायला मागे धावला. मीही भाऊच. मागून आलो, गाडी लावली आणि रथ ढकलायला लागलो. पालखी आमच्या शेजारून शांतपणे पुढे गेली. वारकऱ्यांनी चार पावलं आम्हालाही हात लावला.

सावलीत नेऊन एका ट्रॅक्टरवाल्याच्या मदतीनं मोठ्या पंपाची वायर सोडवली, नळ्या जोडल्या, पत्र्याचं झाकण काढून जुना पंप दोन नटांवर आवळला. तिन्ही प्लग बाहेर आले ते काजळासारखे काळे आणि ओलेचिंब. पुसून, वाळवून बसवले. बॉनेट उघडं ठेवून सांडलेलं पेट्रोल उडू दिलं. मग किल्ली मारली. पाच-सात फेऱ्या रिकाम्या गेल्या, आणि मग घोट घोट पेट्रोल चढून गाडी गुरगुरायला लागली. मी पंपावर ओला फडका टाकला.

परतीच्या वाटेवर भाऊजी गाडीत बोलले नाहीत. ताईचे दोन्ही हात मांडीवर मोकळे होते, आणि तिला ते कुठे ठेवावेत हे सुचत नव्हतं. कुऱ्ह्याला चहाला थांबलो. भाऊजींनी बॉनेट उघडलं, वाळत आलेला फडका दोन बोटांनी उचलून बराच वेळ पाहिला. मला वाटलं, माणूस नरमला.

"साळेबुवा," ते हळूच म्हणाले, "ह्या फडक्याच्या जागी कूलरची खसाची ताटी कापून बसवली तं? अन् वरून पाण्याले तो कारंज्याचा पंप तं पडूनच हाय."